समुद्राच्या मधोमध कमरेइतकं पाणी

चाळीस वर्षं संसार करूनही रुक्मिन आणि सोनिलाल यांनी एक अख्खा दिवस काहीही न करता कधी घालवला नव्हता. आधी ऊस होता. साखर कारखाना बंद पडल्यावर सोनिलालने टोमॅटो नि भेंडी लावली, आणि भेंडीला काही रविवार कळत नाही. यंदा मुलीने हट्टच धरला, तेव्हा कुठे दोघं त्रिनिदादहून बोटीने टोबॅगोला आली.

किनाऱ्यावरच्या बदामाच्या सावलीत रुक्मिनने चादर अंथरली. घरच्या डाळपुऱ्या होत्याच, पण समोरच्या टपरीतून खेकड्याच्या रश्श्याचा वास आला आणि सोनिलाल दोन ताटल्या घेऊनच परतला. रश्श्यात तिखट कमी आहे, असं रुक्मिनचं मत पडलं. ताटली मात्र तिने पुसून स्वच्छ केली. मग सोनिलाल पेंगला आणि ती पाण्याकडे बघत बसली.

पाण्याची तिला भीती होती. कार्तिकस्नानालासुद्धा ती घोट्याइतक्या पाण्यात थांबायची आणि तांब्याने अंगावर घेऊन मागे फिरायची. सोनिलालचं उलट. ऐन पुरात आपण कारोनी नदी पोहून कशी पार केली, हे तो प्रत्येक लग्नात सांगायचा.

दुपारी ऑल्स्टन नावाचा दाढी पिकलेला नावाडी आला. त्याच्या नावेला तळाशी काच होती. नुसतं बसून बघायचं, पाय ओला करायची गरज नाही, असं त्याने पटवल्यावर रुक्मिन चढली, मागोमाग सोनिलालही.

बराच वेळ ती काचेकडे बघेना. मग वाकून बघितलं. खाली जांभळ्या पंख्यांसारखी प्रवाळाची झाडं डुलत होती, हळदीच्या रंगाचे मासे थव्याने वळत होते, सगळे एकदम, कुणी हाक मारल्यासारखे. आपल्या चपलांखाली हे सगळं चाललंय आणि आपण भेंडी तोडत होतो, असं काहीतरी तिच्या मनात आलं.

प्रवाळ संपलं आणि ऑल्स्टनने इंजिन बंद केलं. किनारा आता नुसती हिरवी रेघ उरला होता. "टँटी, उतरा," तो मावशी म्हणावं तसं म्हणाला. "कमरेइतकंच आहे पाणी."

रुक्मिनला ती थट्टा वाटली. एवढ्या आत, चहूकडे समुद्र, आणि कमरेइतकं? तिने नवऱ्याकडे पाहिलं. सोनिलाल चपलेचा पट्टा सोडत होता. सोडून झाल्यावर त्याने तो परत लावला. दुसऱ्या हाताने त्याने नावेची फळी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

तो उतरणार नव्हता. हे कळलं आणि का कोण जाणे, तीच उठली. शिडीवरून एकेक पाय टाकत खाली गेली. तळ लागला. चाळलेल्या मैद्यासारखी मऊ, पांढरी रेती. पाणी खरंच कमरेपर्यंत, कोमट, आणि इतकं नितळ की तिला स्वतःच्या पायाची नखं मोजता आली. झगा तिच्याभोवती फुगून तरंगू लागला. पलीकडे प्रवाळावर लाटा फुटत होत्या. इथे एक तरंगही नव्हता.

तेवढ्यात रेतीवरून एक सावली सरकत आली. सुपाएवढी, चपटी, मागे लांब शेपटी.

"हलू नका," ऑल्स्टन हळूच म्हणाला. "पाकट आहे. तिच्या वाटेने जाऊ द्या तिला."

रुक्मिनने श्वास रोखून धरला. पाकट कडा हलवत, कसलीच घाई नसल्यासारखी, तिच्याभोवती एक फेरी मारून झग्याच्या काठाला घासत गेली. भीती वाटायला हवी होती, पण तिचे हात आपोआप जोडले गेले होते. मावळतीकडे पाण्याचा रंग एकदम गडद होत होता. तिकडे तळ नाही, ऑल्स्टन म्हणाला. त्या अथांगाच्या उंबऱ्यावर आपण उभ्या आहोत आणि समुद्राने आपल्याला उभं राहू दिलंय, असं तिला वाटलं.

"अहो, या," ती म्हणाली.

सोनिलालने फळी सोडली नाही. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ती नदी मी पोहून नव्हती पार केली. रेडा पोहत होता. मी त्याची शेपटी धरली होती."

रुक्मिनला हसू आलं, पण ते तिने पाण्याकडे तोंड फिरवून आवरलं. "शेपटी नाही मला," ती म्हणाली. "हात धरा."

तो उतरला. पाण्यात पाय पडताच डोळे मिटले, तळ लागल्यावर उघडले, आणि तसाच बघत राहिला. कितीतरी वेळ दोघं एकमेकांचा हात धरून उभी होती. ऑल्स्टनने परतायचं म्हणून दोनदा हाक मारली. दुसऱ्यांदा रुक्मिननेच मान हलवून सांगितलं, थांब जरा.