वज्रबाबांची न तुटणारी फळी

घण पडला, काँक्रीटच्या फळीला भेग गेली, पण फळीचे काही दोन तुकडे झाले नाहीत! गर्दीने असा जयघोष केला की पाडलेल्या पुलाच्या मलब्यावरची कबुतरं उडाली. शेजारची साधी फळी पहिल्याच घावात दुभंगून पडली होती.

"मेलेल्या पुलाची खडी ही! हिच्यात प्राण कुठला?" वज्रबाबा डोळे मिटून म्हणाले. "माझ्या मंतरलेल्या पाण्याने तो आला."

शाळेकडे जाणारा नाल्यावरचा पूल जुन्याच पुलाचा मलबा फोडून केलेल्या खडीतून पुन्हा बांधायचा होता. पूलसमितीचे अध्यक्ष तर पार विरघळले. "मग काँक्रीटमध्ये मिसळायला आणलेल्या त्या पोलादी तारांच्या गोण्या परत पाठवा. बाबांचं पाणी पुरे!"

गवंडीणबाई गर्दीतून पुढे सरसावल्या. पुलाच्या फळ्या त्याच ओतणार होत्या आणि त्यांची नात रोज त्यावरूनच शाळेत जाणार होती.

लोक फळीवर कपाळ टेकवायला रांगेत उभे राहिले. ज्यांच्या कपाळाला ओरखडा उठला, ते कृपा झाली म्हणून नाचू लागले. अकलेला सुट्टी दिली की माणसाला रक्तातही कृपा दिसते. बाईंनी कपाळ टेकवलं नाही. काँक्रीट त्या कायम तळहाताने जोखत. हात फिरवला, तसं टोचलं. हे टोचणं रोजच्या ओळखीचं होतं.

त्यांनी घण उचलला.

"अहो, पाप लागेल!" अध्यक्ष ओरडले.

"मला लागू दे. पोरं नाल्यात पडण्यापेक्षा बरं."

"सिद्ध फळीला दुसरा घाव चालत नाही!" बाबांचे डोळे खाडकन उघडले.

बाईंनी आठ-दहा घाव घातले. भेग रुंदावली आणि आतून टोकं वाकवलेल्या बारीक पोलादी तारा दात विचकत बाहेर आल्या.

"परवा आपली एक गोणी फुटलेली सापडली, तेव्हा बाबांचे शिष्य म्हणाले, उंदरांनी कुरतडली. उंदरांनी तारा नेऊन फळीत पेरल्या होय?" बाई म्हणाल्या. "जुन्या खडीला जुनं सिमेंट चिकटलेलं असतं, म्हणून ती जरा कच्ची. भेग पडली तरी या तारा दोन्ही कडा धरून ठेवतात. यात मंत्र नाही, पोलाद आहे. बाबा, आता आमच्यासमोर एक फळी ओता. तार नको, नुसतं तुमचं पाणी. महिन्याने ती पक्की झाली की फोडून बघू."

"महिनाभर मी समाधीत असतो," बाबा पुटपुटले आणि पाण्याचे कॅन तिथेच टाकून चालते झाले.

कपाळावरचा ओरखडा चोळत अध्यक्षांनी विचारलं, "मग पाणी कुठलं घालायचं?"

"नळाचं. मोजून. आणि यापुढे कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी तो फोडून बघा. खरा असेल तर टिकेल."

अध्यक्षांनी परत पाठवायला ट्रकवर चढवलेल्या तारांच्या गोण्या खाली उतरवून घेतल्या.