क्रौंचाचा वाकडा पाय

आमच्या गावात कुंभारभट्टी उघडली की मा दोक-सू गुरुजी एकेक हिरवी फुलदाणी उन्हात फिरवून बघायचे आणि खोट दिसली की हातोडीने फोडायचे. पूर्वी हे परसात गुपचूप व्हायचं. मग महोत्सव समितीच्या प्योसाहेबांनी तिथे खुर्च्या मांडल्या, ध्वनिवर्धक लावला. लोक लांबून येऊ लागले, फुलदाणी घ्यायला नव्हे, फुटताना बघायला. कलेवरची निष्ठा बघून डोळे टिपायचे आणि बाहेर जाऊन भाजलेली रताळी खायचे.

एका शरदात मात्र घात झाला. सगळ्याच फुलदाण्या निर्दोष निघाल्या. ना तडा, ना डाग. गुरुजी उलटसुलट करून बघत राहिले, खुर्च्यांवर चुळबुळ सुरू झाली. पाहुणे ताटकळलेत, असं प्योसाहेब कानाशी लागून म्हणाले. तेव्हा गुरुजींनी सगळ्यांत देखणी फुलदाणी उचलली, तिच्यावर कोरलेल्या क्रौंचाचा पाय वाकडा असल्याचं जाहीर केलं आणि ती फोडली. टाळ्या थांबेनात.

गावाला ठाऊक होतं, पाहुण्यांना नव्हतं: ओल्या मातीत क्रौंच कोरून त्या खाचांत पांढरी-काळी माती भरायचं काम गुरुजींची बायको ओक-बुन करायची. तिने तुकडे गोळा केले. जेवताना मुळ्याची किमची त्यांच्यापुढे सरकवत म्हणाली, "अहो, पुढच्या खेपेला पक्षी तुम्हीच काढा. म्हणजे पाय सरळ येतील."

गुरुजी हिवाळाभर खपले. वसंतात भट्टी उघडली तर फुलदाण्यांवर क्रौंचांच्या जागी कोंबड्याच कोंबड्या. प्योसाहेब हरखले; फोडण्याजोगा इतका माल कधी निघाला नव्हता. गुरुजींनी पहिली फुलदाणी घेतली, हातोडी उगारली आणि हात तसाच राहिला.

"गुरुजी, काय झालं?" प्योसाहेबांनी विचारलं.

"हिच्यात खोट नाही."

"अहो, पक्षी बसलाय की पडलाय, तेही कळत नाही."

"उडतोय तो," गुरुजी म्हणाले आणि फुलदाणी छातीशी धरून खालीच बसले.

ओक-बुनने हसू दाबलं. हळूच पुढे येऊन त्यांच्या हातातली हातोडी काढून घेतली.

समिती डगमगली नाही. आता कारखान्यातून साच्यातल्या फुलदाण्या येतात आणि पांढरी दाढी लावलेला एक नट त्या मन लावून फोडतो. गेल्या वर्षी त्याचा सत्कारही झाला. गुरुजी महोत्सवाच्या दिवशी घरीच असतात. ओक-बुन त्यांना क्रौंच शिकवते आहे. पाय बरे येतात म्हणे, मान अजून जमत नाही.