सशाच्या रश्श्यावरून काढलेला निष्कर्ष

एलिजिओ आणि मी जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत एकाच खोलीत बसायचो. सगळं तारुण्य त्यानं सुपरसिमेट्रीवर घालवलेलं. आपल्याला माहीत असलेल्या प्रत्येक कणाला एक जड जोडीदार असला पाहिजे, असं ते गणित सांगतं. आजवर एकही सापडलेला नाही. त्यातला ग्लुइनो हा जोडीदार प्रोटॉनच्या दोन हजार पट जड निघणार, असं एलिजिओनं छातीठोकपणे लिहून ठेवलं होतं.

आणि तो शोधणाऱ्या गटाची प्रमुख होती त्याचीच बायको, इंगुन. नॉर्वेची, मोजकं बोलणारी. निकाल जाहीर होईपर्यंत गटाबाहेर अवाक्षर काढायचं नाही, असा नियम. नवराही बाहेरचाच.

"अगं, नुसती मान हलव. हो की नाही?"

"मान आखडलीय माझी."

जाहीर व्हायच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. एरवी इंगुन ब्रेड आणि चीज पुढ्यात ठेवून मोकळी व्हायची. त्या दिवशी मात्र पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, आणि सशाचा रस्सा, एलिजिओची आई इटलीत, बेर्गामोला करायची तस्सा. झाकण उचललं आणि तो मटकन खुर्चीत बसला.

"संपलं सगळं."

"काय संपलं?" मी विचारलं.

"माझे वडील गेले तेव्हा हिनं हा रस्सा केला होता. त्यानंतर आज. ग्लुइनो नाहीये!"

इंगुन कानापर्यंत लाल झाली. "मी काही बोललेले नाही. गप जेव."

"नियम मोडलास, तोही मसाला घालून!" असं म्हणत त्यानं दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. इंगुननं शेवटचा आलेख दाखवला: ग्लुइनोचा मागमूस नाही. सगळ्या माना एलिजिओकडे वळल्या. आता हा नेहमीसारखं म्हणणार, थोडा आणखी जड असेल! पण तो उठला आणि म्हणाला, "माझं मॉडेल मेलं. अभिनंदन."

"कोण म्हणालं मेलं?" इंगुन व्यासपीठावरूनच कडाडली. "प्रोटॉनांच्या टकरींपैकी भरपूर ऊर्जा गायब झालेल्या तेवढ्याच तपासल्यात आम्ही. ग्लुइनो फुटून निघणारा, यंत्राला न दिसणारा दुसरा जोडीदार जवळजवळ ग्लुइनोच्याच वजनाचा असला, तर ऊर्जा फारशी गायब होणारच नाही. तसल्या टकरी आम्ही वगळल्यात."

"ही पळवाट झाली! सिद्धांतवाल्यांची ही खोड तुला कधीपासून लागली?"

"लग्न झाल्यापासून."

सभागृहात हशा पिकला. एलिजिओही हसला, मग चष्मा काढून बराच वेळ डोळे पुसत राहिला.

वगळलेल्या टकरी इंगुनचा गट आता चाळतोय. काही मिळणार नाही, असं एलिजिओ सगळ्यांना सांगत फिरतो. काय सापडतंय ते इंगुन अजूनही सांगत नाही; ग्लुइनो कुठे लपला असेल यावर मात्र आता घडाघडा बोलते.