सावरीखालून पालखी

माघ कलू लागला की खडकदऱ्याच्या माळावर ऊन दुधासारखे उतरते. फिकट, कोवळे, काठोकाठ. त्या उन्हात कांद्याचे डेंगळे उभे असतात. पोकळ हिरव्या दांड्यावर एकेक शुभ्र गोल तोलून धरलेला, जणू पौर्णिमेने जाता जाता आपले सगळे चंद्र या वावरांतून पेरून ठेवले आहेत. जवळ जाऊन पाहावे तर चंद्राच्या चांदण्या होतात. सहा पाकळ्यांच्या इवल्या चांदण्या, शेकड्यांनी, एकमेकींना खेटून बसलेल्या.

खडकदऱ्याची माणसे कांदा खाण्यासाठी लावतात, तसा बियाण्यासाठीही लावतात. डेंगळा फुलला, फुलात बोंड धरले, बोंडात काळे बी भरले, की वर्ष तरले.

माळाच्या उशाशी मावलाईचे देऊळ. देवळाहून ओढ्याकडे उतरणाऱ्या वाटेच्या वळणावर सावर. माघात ती पानांनी निष्कांचन होते आणि फुलांनी श्रीमंत. काटेरी, करड्या, उघड्या फांद्यांवर लाल पेले उमलतात, मांसल, मधुभरित, सूर्याकडे तोंड केलेले. आणि त्या रक्तवर्ण वैभवाच्या पोटाशी, उंच आडव्या फांद्यांना, काळे अर्धचंद्र लोंबतात. आग्या मोहोळे.

थंडी स्थिरावली की माश्या येतात. डेंगळे वाळले की जातात. कुठून येतात, कुणी पाहिले नाही. कुठे जातात, कुणी विचारले नाही. त्या असतात तोवर माळावर एक सूर असतो. तो चढत नाही, उतरत नाही, थांबत नाही. सासुरवाशीण माहेरी आली की घर जसे आतून गुणगुणते, तसा तो माळ गुणगुणतो.

गेल्या साली हा सूर फुटला.

यात्रेचा दिवस होता. मावलाईची पालखी देवळातून ओढ्यावर स्नानाला जाते. वाट एकच, सावरीखालून. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरड. पालखीपुढे हैबतीबाबांचा ढोल. तो मान त्यांच्या घराण्याचा. आज्याच्या खांद्यावरून बापाच्या, बापाच्या खांद्यावरून त्यांच्या खांद्यावर आलेला. ऐन दुपारी, सावरीच्या बुंध्याशी, कुणा उत्साही पोराने फटाक्यांची माळ पेटवली. ढोल घुमला, माळ फुटली, धूर चढला. आणि काळे अर्धचंद्र आभाळभर विखुरले.

माणसे पळाली. भोयांनी पालखी वाटेत टेकवली आणि तेही पळाले. उन्हात, मातीत, उधळलेल्या गुलालात, मावलाई एकटी बसून राहिली.

हैबतीबाबांचे तोंड सुजले, डोळे मिटले, ताप चढला. ते सारे आठवड्यात ओसरले. एक मात्र ओसरले नाही. आई एकटी राहिली.

माश्या गेल्या त्या फिरकल्या नाहीत. डेंगळे फुलले आणि वाट पाहत वाळले. बायका उजाडता उठून तळव्यांनी ते पांढरे गोल कुरवाळत फिरल्या, या फुलाची धूळ त्या फुलाला लावत. हातांना कांद्याचा वास चिकटला तो चैत्रापर्यंत. मळणीला भुगा निघाला. गावाने बोल धुईला, पहाटेच्या दाट धुक्याला लावला. "धुईनं खाल्लं बियाला," म्हणाले. धुई दर साली पडते, हे फारसे कुणाच्या मनात आले नाही.

अनसूयाबाईंच्या मनात आले.

शाळेतून निरोप देताना गावाने त्यांना शाल दिली होती. ती शाल अंथरून त्या आता सकाळच्या उन्हात हैबतीबाबांच्या बांधावर बसत, आणि भोवती मुले. यंदा थंडी स्थिरावली, सावर लाल झाली, मोहोळे पुन्हा लोंबली, आणि बाईंचा वर्ग भरला. त्या वर्गाला फळा नव्हता. एकेका मुलाने एकेक माशी निवडायची आणि दिसेनाशी होईपर्यंत डोळ्यांनी तिच्या मागे जायचे. हात झटकायचा नाही. फुंकर मारायची नाही. नाकावर बसली, तर तेवढा वेळ नाक तिचे.

चुळबुळणारी, ओरडणारी, दगड भिरकावणारी ती मुले हळूहळू निवांत झाली. पाणी निवळते तशी निवळली. आणि निवळलेल्या पाण्यात दिसते तसे त्यांना दिसू लागले.

"बाई, हिच्या पायांना पिवळ्या पोटल्या आहेत."

"कुठं नेते ती?"

"घरी."

"आणि वाटेत सांडतं ते?"

मुले पाहत राहिली. चांदणीवरून चांदणीवर, गोलावरून गोलावर, सोनेरी धुळीचे ते सांडणे. कुणी न मागितलेले, कुणी न मोजलेले दान.

हैबतीबाबांची नात राही त्या मुलांत होती. बारीक वेणीची, ठाम हनुवटीची. कळ्या उमलण्याआधीच तिने एका डेंगळ्याला धाकट्या भावाचे मलमलचे टोपडे घातले होते, बाईंच्या सांगण्यावरून. टोपड्यातून ऊन आत जात होते, वारा आत जात होता, धुई आत जात होती. माशीला तेवढा मज्जाव होता.

यात्रेच्या आदल्या सकाळी पलितेवाले आले. दोघे जण, खांद्यावर लांब बांबू, बांबूंच्या टोकांना चिंध्या, हातात रॉकेलचा डबा. हैबतीबाबांच्या हट्टावरून, मोहोळे जाळायला पंचांनी बोलावलेले. सभामंडपात माणसे जमली.

"यंदा आई एकटी राहायची नाही," हैबतीबाबा म्हणाले. "आधी जाळ, मग ढोल."

अनसूयाबाई मुलांना घेऊन पायरीशी आल्या. सरपंच सोपानराव मिशीत हसले.

"या बाई! आता माश्यांची हजेरी घेता म्हणं?"

"घेते की. गेल्या साली सगळ्या गैरहजर होत्या. निकाल तुम्ही पाहिलात."

मंडपात खसखस पिकली. सोपानरावांनी पागोटे सारखे केले. हैबतीबाबा मात्र हसले नाहीत.

"ती धुई होती, बाई."

तेव्हा राही पुढे झाली आणि तिने आजोबांचे बोट धरले. "आबा, वावरात चला."

"आत्ता?"

"आत्ताच. पलितेवाले चहा पितात तवर."

वावरात ऊन आले होते. बांधावर येताच हैबतीबाबांचे खांदे आखडले. कानांशी तो सूर आला, गालांना गेल्या सालची सूज आठवली. राहीने त्यांना पांढऱ्या गर्दीत नेले, इतके हळू की दव हलले नाही. टोपड्याची गाठ सोडली.

आत डेंगळा होता, पण त्याचे चांदणे विझले होते. पाकळ्या वाळून कागद झाल्या होत्या. बाबांनी बोटे फिरवली. हातात फोल आले.

शेजारचा डेंगळा उघडा होता. आधी फुललेल्या त्याच्या चांदण्यांत हिरवी बोंडे टरारली होती. तीन कडांची, घट्ट, इवल्या मुठींसारखी मिटलेली. थापांनी दगड झालेल्या अंगठ्याने बाबांनी एक बोंड दाबून पाहिले. ते दबले नाही.

"धुई दोघांवर पडली, आबा," राही म्हणाली.

एक माशी त्यांच्या मनगटावर उतरली, पाय पुसले, उठली, गेली. बाई बांधावरूनच पाहत होत्या. फळ धरत असताना फांदी हलवू नये, हे त्यांना ठाऊक होते.

शेवटी बाबाच बोलले, आणि आवाजातला जाळ गेला होता. उरली होती ती भीती.

"समदं खरं. पण आमच्या घराण्यात ढोलाबिगर आईला कुणी या वाटेनं नेली नाही. ढोल खरा घुमतो तो सावरीखालीच, कड्यावर आदळून. मी तिला मुकी नेऊ का? माझ्याच हातानं?"

"देवळाच्या उंबऱ्यावर बोटांनी वाजवा," बाई म्हणाल्या. "ओढ्यावर हात दुखेस्तोवर वाजवा. सावरीची सावली तेवढी सोडा."

"तेवढीच तर माझी होती."

 

मंडपात परतल्यावर हैबतीबाबा खांबाला धरून उभे राहिले. "पलितेवाल्यांना ठेवून घ्या. उद्या ढोल सावरीखाली वाजणार नाही. पण एक जरी मोहोळ उठलं, आई पुन्हा मातीत बसली, तर पहिला पलिता मी लावीन. मग माझी नात आडवी आली तरी ऐकायचा नाही."

"आणि नाही उठलं तर?" राहीने विचारले.

बाबांनी खांब सोडला आणि ते पायऱ्या उतरले. रॉकेलचा डबा मंडपाच्या कोपऱ्यात ठेवला गेला, आणि त्याचा वास सांजेपर्यंत देवळात फिरत राहिला.

त्या दुपारी खळ्यावर शाळा भरली, आणि ती उलटी भरली. मोठी माणसे ओळीत, मुले समोर. भोयांनी वहाणा काढायच्या. लेझमांच्या चकत्यांना चिंध्या बांधायच्या. अत्तर नाही, ऊद नाही, गुलाल ओढ्यावर. ज्याच्या खिशात फटाका सापडेल, त्याचा खांदा पालखीला लागणार नाही. निघायचे उजाडताना, थंडी माश्यांच्या पंखांवर असेपर्यंत.

"सरपंच, हात झटकला! संपलात तुम्ही!"

"अगं ए, ती साधी घरमाशी होती!"

"हाताला कुठं कळतं ते?" सात वर्षांची पोरगी गंभीरपणे म्हणाली. "पुन्हा चाला. पहिल्यापासून."

आणि सोपानराव पुन्हा चालले, पहिल्यापासून. पाटीलकी चालली, पंच चालले, तालमीतली पोरे चालली, नऊवारीचे काचे सावरत म्हाताऱ्या चालल्या. सारा गाव पाऊल टाकायला शिकत होता. बाई शालीवर बसून होत्या. अंधुक होईतो त्यांनी कुणालाही घरी सोडले नाही.

उजाडले. पूर्वेला केशराची एक रेघ, रेघेवर सावरीचे काळे रेखाचित्र. मावलाई पालखीत बसली. उंबऱ्यावर हैबतीबाबांनी ढोलाला फक्त बोटे लावली, आणि ढोल निजेत बोलल्यासारखा बोलला. पालखी हलली.

वळण आले. सावरीची पहिली फांदी माथ्यावर आली. हैबतीबाबांनी गळ्यातला ढोल सोडला आणि डोक्यावर घेतला, एक कातडे आभाळाकडे करून. गळ्यात राहिला असता, तर हातांना राहवले नसते.

अनवाणी पावले धुळीत बुडत होती आणि धूळ त्यांचा आवाज पीत होती. बायकांनी बांगड्या मुठीत धरल्या होत्या. तान्ह्या लेकरांची तोंडे छातीशी होती. सगळ्यांत पुढे राही, मान खाली, पाऊल हलके. तिच्या मागे ढोल, ढोलामागे पालखी, पालखीमागे गाव. वर काळे अर्धचंद्र, जडशीळ, निद्रिस्त, सहस्रपंखी. गाव त्यांच्या खालून जात होता, जशी निजलेल्या बाळाच्या पाळण्याजवळून आई जाते.

एक पाऊल. अजून एक. मोठे मोहोळ थेट माथ्यावर.

आणि उंचावरून, देठ सुटलेले एक फूल निखळले. लाल, जड, दवाने आणि मधाने ओथंबलेले. ते ढोलाच्या कातड्यावर पडले.

धम्म.

एकच. पण कडा जागा होता. त्याने तो नाद झेलला, फिरवला, परत दिला.

गाव थिजला. भोयांच्या पोटऱ्यांत गेल्या सालचे पळणे सळसळले. वरच्या काळ्या अर्धचंद्रावर एक लकाकी उठली. हजारो माश्यांनी एकामागून एक अंग उचलले, आणि रुपेरी लाट या टोकाकडून त्या टोकाकडे धावत गेली. दुसरी लाट. तिसरी. राहीने मागे न बघता तळवा उंचावला. थांबा. हात झटकू नका. श्वास हळू.

कुणी पळाले नाही. पालखी भोयांच्या खांद्यावर राहिली. मावलाई तिच्या माणसांच्या मधोमध राहिली.

चौथी लाट लहान होती. पाचवी अर्ध्यावर विरली. मग काळे पाणी निवळले.

हैबतीबाबांच्या डोक्यावर ढोल अजून थरथरत होता. तो थरार कातड्यातून कपाळात उतरला, कपाळातून छातीत, छातीतून मातीत रुतलेल्या टाचांत. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"वाजला," ते ओठांतल्या ओठांत म्हणाले. "आई, वाजला."

राहीचा तळवा खाली आला. पालखी पुढे निघाली. सावली सरली, वाट उतरू लागली, आणि केशराची रेघ फुटून सूर्य कड्यावर आला. त्याचे पहिले ऊन सावरीच्या फांद्यांना लागले. एक माशी सुटली. मग दुसरी. मग एक बारीक, सोनेरी धार, माणसांच्या माथ्यांवरून, पालखीच्या छत्रावरून, सरळ माळाकडे. खाली गाव उतरत होता, वर माश्या उतरत होत्या. एक पाण्याकडे, एक फुलांकडे. आपापल्या वाटेने, एकाच उन्हातून, हळू, हळू, हळू.