आधी निळा रंग गेला

मित्रांनो, बैठकीच्या खोलीतल्या कपाटावर उशीच्या जुन्या अभ्र्याखाली झाकलेला एक करडा डबा आहे. नवा पाहुणा त्याला टोस्टर समजतो. एकाने तर चक्क त्यावर पाण्याचा पेला ठेवला होता! तो डबा म्हणजे मी, एक जुना फोटो प्रिंटर. माझे वरचे झाकण उघडले की आत एक काच दिसते. तिच्यावर कागद पालथा ठेवला की त्याची हुबेहूब नक्कल मी संगणकात पाठवतो. म्हणजे छापणारा मीच आणि स्कॅन करणाराही मीच. आता यातले एक काम मला जमत नाही. ते का, हीच माझी कथा आहे.

माझा जन्म एका लांबच लांब सरकत्या पट्ट्यावर झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी मला दिवा दिला, चाके दिली, शाई शिंपडणारे हेड दिले. त्या हेडला केसाहून बारीक छिद्रे असतात. शेवटी एका बाईने माझ्याकडून फुलाचे चित्र छापून घेतले, उजेडाकडे धरले आणि मान डोलावली. माझे पहिले कौतुक ते.

दुकानात मी स्वस्त होतो. त्यात एक मेख होती. मला बनवणाऱ्यांनी यंत्र स्वस्त ठेवले होते आणि त्याची शाई महाग. हे ना मला ठाऊक होते, ना मला विकत घेणाऱ्या आईला.

आई म्हणजे बिट्टीची आई. ती एका पाळणाघरात काम करायची. तिथे मुलांच्या पिशव्या टांगायला भिंतीवर खुंट्या होत्या. मुलांना नाव वाचता येत नसे, म्हणून आईने प्रत्येक खुंटीपाशी त्या त्या मुलाचा फोटो लावायचे ठरवले आणि त्यासाठी मला घरी आणले. एक लहानगा रोज सकाळी आल्यावर आधी स्वतःच्या फोटोला 'हॅलो' म्हणतो, असे आई सांगायची. तेव्हा माझी छाती अभिमानाने फुगायची. म्हणजे मला छाती असती तर!

बिट्टीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कामावरून आले की त्यांच्या नखांत काळे ग्रीस असे. माझ्यातून फोटो निघू लागला की बिट्टी माझ्यासमोर उकिडवी बसायची. फोटो हळूहळू बाहेर येतो ना! आधी केस, मग कपाळ, मग डोळे. एकदा बाबांचा फोटो छापताना ती ओरडली, "बाबा, तुमचं कपाळ संपतच नाहीये!" आई हसून हसून खुर्चीत बसली. बाबाही टकलावरून हात फिरवत हसले.

मग माझ्याबरोबर आलेली शाई संपली. बाबा नवी आणायला गेले आणि कपाळाला आठ्या घालून परत आले. त्यांच्या हातात दुसऱ्याच कुणीतरी बनवलेल्या कार्ट्रिज, म्हणजे शाईच्या डब्या, होत्या. माझ्या साच्यात बसणाऱ्या, पण माझ्या घरच्या नव्हेत.

"अहो, या चालतील ना?" आईने विचारले.

"न चालायला काय झालं? शाईवाले काका स्वतः घरी हीच वापरतात. शाई ती शाई."

"फोटोलासुद्धा?"

"अगं, ओरिजिनलच्या किमतीत नवा प्रिंटर येईल. बघ तरी छापून."

माझ्या छोट्या पडद्यावर अक्षरे उमटली: 'ही शाई ओळखीची नाही. पुढे जायचे?' बाबांनी 'हो' दाबले.

मित्रांनो, त्या शाईची मी उगाच निंदा करणार नाही. बिट्टीचे शाळेचे नकाशे, बाबांची कागदपत्रे, पाळणाघराच्या सूचना, सगळे तिने झकास छापले. फोटोही बरे आले. फक्त चेहरे किंचित हिरवट दिसत. "याला बरं नाहीये का काय?" असे आई एका गुबगुबीत बाळाच्या फोटोकडे बघून म्हणाली होती. पण खुंटीवरचे फोटो वर्षभरात बदलायचेच असत. मूल मोठे होई, नवा फोटो लागे. त्यामुळे कुणाचे काही बिघडले नाही. कागदावर आज काय उमटले ते मला दिसते. ते पुढे किती टिकेल हे मला दिसत नाही.

एका संध्याकाळी आई कामावरून आली ती तशीच, पाळणाघराचा गडद निळा एप्रन न काढता, मुलांच्या रंगाच्या वाट्या घासायला उभी राहिली. बाबा दारातून काहीतरी बोलले. काय ते मला ऐकू आले नाही. आई मान मागे टाकून हसली. तिच्या कोपरावर साबणाचा फेस होता. बिट्टीने ओट्यावरचा आईचा फोन उचलला आणि फोटो काढला.

"अगं बाई, मी अशी दिसते?" आई म्हणाली.

"अशीच दिसतेस. छाप ना!"

आईने तो फोनवरूनच माझ्याकडे पाठवला आणि मी छापला. बाबांनी त्याला फ्रेम केली आणि खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली, सगळ्यात जास्त उजेड येतो तिथे.

पुढचा भाग मी थोडक्यात सांगतो. आई आजारी पडली. घरात औषधांचा वास आला, दबक्या आवाजातली बोलणी आली. मग एके दिवशी ती दवाखान्यात गेली आणि परत आली नाही. मला कुणी सुरू करेना. छापण्यासारखे त्या घरात काही घडतच नव्हते.

आई नेहमी फोन हातात धरून इतरांचे फोटो काढायची, त्यामुळे तिचे स्वतःचे फोटो जवळजवळ नव्हतेच. लग्नातले होते, पण त्यातली लाजरी नवरी बिट्टीच्या ओळखीची नव्हती. बिट्टी आईचा फोन घेऊन झोपायची, घरभर तो हातात घेऊन फिरायची. असाच तो एकदा तिच्या हातून न्हाणीघरातल्या भरल्या बादलीत पडला. दुरुस्तीवाल्याने खूप खटपट केली, पण फोन गेला तो गेलाच. त्यातले फोटो आणखी कुठे ठेवायचे राहून गेले होते. बिट्टी हमसून हमसून रडली.

"रडू नकोस, राणी," बाबा म्हणाले. "तो फोटो आहे ना भिंतीवर. तो कुठे जातोय?"

पण तो जात होता. आधी निळा रंग गेला. इतका हळू की रोज बघणाऱ्याला कळू नये. मी समोरच होतो. मी जेव्हा तो फोटो छापला तेव्हा एप्रनवर किती निळी शाई ओतली होती हे मला पक्के आठवत होते. आता तो एप्रन राखाडी दिसू लागला होता. मग आईचे गाल उगाचच तांबूस झाले आणि नंतर तेही फिके पडत गेले. मला ओरडून सांगावेसे वाटे की त्याला उन्हातून काढा, अंधारात ठेवा. पण बटण दाबल्याशिवाय मला घुं करण्याचीही सोय नाही.

"बाबा, आई फिकी होतेय," एके दिवशी बिट्टी म्हणाली.

"काच मळली असेल." बाबांनी फडक्याने काच लख्ख पुसली. आई तशीच राहिली.

"बघा ना नीट!"

"बिट्टी, तुला सारखं काहीतरी दिसतं. आहे तसाच आहे तो." त्यांचा आवाज चढला होता. माणसाला एखादी गोष्ट खरी व्हायला नको असते तेव्हा आवाज असा चढतो.

बिट्टीने स्टुलावर चढून फ्रेम उतरवली, मागचे खिळे वाकवले आणि फोटो बाहेर काढला. फ्रेमच्या कडेखाली जो भाग उजेडापासून झाकलेला होता, तिथे एप्रनची एक बारीक पट्टी होती. गडद, ताजी, निळी. तिच्या शेजारी उरलेली आई धुऊन विटलेल्या कापडासारखी दिसत होती.

बाबा कितीतरी वेळ त्या पट्टीवर बोट ठेवून बसले.

"तुम्हीच आणली होती ती शाई," बिट्टी म्हणाली. "आईने विचारलं होतं तुम्हाला. फोटोलासुद्धा चालेल का, असं विचारलं होतं."

 बाबांनी फोटो उजेडाकडून आपल्या पोटाशी वळवून धरला. थोड्या वेळाने बिट्टीच म्हणाली, "अजून पुसट व्हायच्या आत स्कॅन करू या."

दोघे माझ्यापाशी आले. कितीतरी महिन्यांनी कुणीतरी माझे बटण दाबले. मी खडखडत जागा झालो. झाकण उघडले गेले, आई माझ्या काचेवर पालथी ठेवली गेली. आणि माझ्या पडद्यावर अक्षरे उमटली: 'निळी कार्ट्रिज ओळखता येत नाही. बदला.' पडून पडून त्या कार्ट्रिजची खूणच मला वाचता येईनाशी झाली होती आणि या वेळी पडद्यावर 'हो' दाबायची सोयही नव्हती. स्कॅनचे बटण बिट्टीने पुन्हा पुन्हा दाबले. मी हललो नाही.

"स्कॅनला शाई कशाला लागते?" ती रडकुंडीला आली.

बाबांनी हताश होऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "लिफ्टमधला पंखा बंद पडला म्हणून लिफ्ट कधी अडून बसते का रे?"

मित्रांनो, त्यांचे बरोबर होते. माझा दिवा शाबूत होता, काच शाबूत होती. आई माझ्या काचेवर होती आणि मला ती वाचता येत होती. पण मला बनवणाऱ्यांनी माझ्यात एक हुकूम घालून ठेवला आहे. एका जरी शाईची ओळख पटली नाही तर कोणतेच काम करायचे नाही. तो हुकूम मला मोडता येत नाही. आयुष्यात मला इतके लाजिरवाणे कधीच वाटले नव्हते.

बाबा चपला घालून तडक शाईवाल्या काकांकडे गेले. परत आल्यावर त्यांनी बिट्टीला सांगितले की काकांनी मागच्या फळीवरून निळी ओरिजिनल शोधून दिली. गोष्ट ऐकून ते म्हणाले, "दादा, लोक कागदपत्रं छापतात, कुणाची तक्रार येत नाही. फोटो वर्षभर भिंतीवर ठेवून मी कधी बघितलाच नाही हो."

नवी कार्ट्रिज बसली, हुकूम उठला. माझा दिवा आईच्या चेहऱ्यावरून सरकत गेला. मी जीव ओतून वाचले. उरलेली प्रत्येक छटा मी टिपली. पण जे उरले नव्हते, ते कसे टिपणार?

बिट्टी दिवसभर संगणकासमोर बसली. कडेच्या निळ्या पट्टीवरून अंदाज घेत तिने एप्रनचा रंग परत आणला. मग त्यांनी माझ्याकडून छापून बघितले. कागद बाहेर आला तो आईच्या चेहऱ्यावर पांढऱ्या आडव्या रेघा घेऊन. इतके महिने पडून राहिल्याने माझ्या हेडच्या छिद्रांत शाई वाळून बसली होती. बाबांनी सफाईचे बटण दाबले. पुन्हा दाबले. सफाईत नवी शाई भसाभसा गेली, रेघा मात्र हटल्या नाहीत.

"बाबा, पुरे," बिट्टी म्हणाली. "आईच्या तोंडावर रेघा नकोत मला."

त्यांनी तो फोटो बाहेरच्या स्टुडिओतून छापून आणला. एप्रन निळा होता. आई हसत होती. बाबा फोटो जवळ धरून, लांब धरून बघत राहिले.

"इथे कोपराला फेस होता ना गं?"

"होता."

"दिसत नाहीये."

"तो आधीच पांढरा होता, बाबा. कागदाच्या पांढऱ्यात मिसळून गेला. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यापण गेल्या. मला नाही आणता आल्या."

"मी म्हटलं होतं शाई ती शाई," बाबा पुटपुटले. बिट्टी त्यांच्याजवळ सरकून बसली. माफ केलं, असे ती म्हणाली नाही. पण त्यांच्या हातातून फोटो घेताना तिने त्यांचा हात सोडला नाही.

त्या दिवसानंतर मला कपाटावर ठेवले गेले. मी छापत नाही, पण स्कॅन करायला बिट्टी मला अधूनमधून खाली काढते. मध्यंतरी तिने बाबांना खिडकीपाशी बसवले आणि त्यांच्यावर फोन रोखला.

"माझा कशाला?" बाबा म्हणाले.

"हवाय मला. नीट बघा इकडे."

बाबांनी कॉलर सारखी केली. मग जरा घाबरतच विचारले, "कुठे कुठे ठेवशील हा?"

बिट्टीने फोन खाली घेतला. तिचे डोळे भरून आले होते. "माझ्याकडे ठेवीन, संगणकात ठेवीन, आत्याला पाठवीन. आणि एक चांगल्या शाईत छापून अल्बममध्ये, अंधारात."

"बरं," बाबा म्हणाले आणि ताठ बसले.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी असेल. त्याला महिनोन्‌महिने विसरू नका. आठवड्यातून एकदा तरी त्याच्याकडून एखादे रंगीत चित्र छापून घ्या, म्हणजे त्याची छिद्रे बुजणार नाहीत. नकाशे, गृहपाठ खुशाल स्वस्त शाईत छापा. पण ज्या चेहऱ्यावाचून तुमचे पुढे अडणार आहे, तो छापण्याआधी विचारा की ही शाई किती वर्षे टिकेल. दुकानदाराला ठाऊक नसेल, तर त्याच्या 'चालेल हो'वर जाऊ नका. आणि तुमच्यातले कुणी मोठेपणी यंत्रे बनवणार असाल, तर माझी एवढी विनंती लक्षात ठेवा. माझ्यासारख्याच्या काचेवर कुणी आपले माणूस आणून ठेवले, तर शाईच्या कारणावरून त्याला अडवणारा हुकूम त्याच्या पोटात घालू नका.