वरचे बारा मीटर

दोघे साडू होते. आधी कामावरचे जोडीदार, मग साडू. थोरल्यानंच आपली मेहुणी धाकट्याला सुचवली आणि लग्न जुळवलं. त्या गोष्टीला बावीस वर्षं झाली. तेव्हापासून कामावर त्यांना कोणी नावानं हाक मारली नाही. थोरले साडू आणि धाकटे साडू, बस्स.

धंदा धुराडी उतरवण्याचा. गिरणी बंद पडते, भट्टी विझते, यंत्रं भंगारात जातात आणि विटांची उंच चिमणी तेवढी मागे उरते. भोवती मोकळी जागा असेल तर सुरुंग लावून ती एका क्षणात आडवी करतात. ते बघायला सगळं गाव लोटतं. पण शेजारी घरं असली, रस्ता असला, तर चिमणी वरूनच खाली आणावी लागते, थराथरानं. शिड्या ठोकत टोकाला जायचं, उभं राहायला फळ्यांची परांची बांधायची, छिन्नीनं आणि पहारीनं एकेक वीट सोडवायची आणि चिमणीच्याच पोटात टाकायची. बुडाशी भोक पाडलेलं असतं, तिथून राडारोडा काढतात. वर माणूस असताना खाली कोणी आत शिरायचं नाही, आणि खाली माणूस असताना वरून खडासुद्धा पडायचा नाही. दिवसाला एक मीटर, फार तर सव्वा. हे बघायला कोणी येत नाही.

थोरल्याची मुलगी लहान असताना शाळेत सांगून आली होती, "माझे बाबा चिमण्या मारतात." वर्गातली पोरं आठवडाभर तिच्याशी बोलली नव्हती. हा किस्सा थोरला प्रत्येक नव्या कामावर सांगायचा, आणि धाकटा प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हसायचा.

रंगाच्या बंद कारखान्याचं काम आलं तेव्हा थोरला चोपन्न वर्षांचा होता, धाकटा सेहेचाळीस. चिमणी अडुसष्ट मीटर. एका बाजूला घरांची रांग, दुसऱ्या बाजूला भिंतीला भिंत लावून शाळा. शाळेला दोन महिने सुट्टी होती. ती संपायच्या आत चिमणी शाळेच्या छताखाली आलीच पाहिजे, असं इंजिनिअर साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं.

दोघं पाहणीला वर गेले. थोरला पूर्वेच्या बाजूनं, धाकटा पश्चिमेच्या. हातोडीनं विटा ठोकत जायचं; चांगली वीट ठणठणते, खराब वीट थपथपते. छप्पन मीटरपर्यंत सगळं ठणठणीत होतं. तिथून पुढे धाकट्याच्या हातोडीखाली भिंत अशी वाजू लागली, जशी ओल्या गोणीवर थाप मारावी. त्यानं चार-पाच ठिकाणी ठोकून पाहिलं. मग ठोकणं बंद केलं.

खाली आल्यावर थोरल्यानं साहेबांना सरळ सांगितलं, "वरचे बारा मीटर मेलेत. आतली अस्तराची भिंत आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये काजळी साचलीय, ओली होऊन फुगलीय. चुना सगळा धुरानं खाल्लाय. लोखंडी पट्ट्यांनी आवळून धरलंय म्हणून उभं आहे. त्याच्यावर परांचीचा भार टाकायचा नाही. क्रेन आणा, तिला टांगलेल्या पाळण्यात बसून तेवढे बारा मीटर काढू. मग खालचं आम्ही नेहमीसारखं करतो."

"क्रेनला तीन आठवडे लागतील," साहेब म्हणाले.

"लागू द्या."

"शाळा थांबणार आहे का?"

"शाळेला एकदा विचारून तर बघा, डोक्यावर विटा चालतील का म्हणून."

आजूबाजूची माणसं हसली. साहेब हसले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत साहेबांनी धाकट्याला आपल्या पत्र्याच्या ऑफिसात बोलावलं. पंखा लावला, खुर्ची दिली. बावीस वर्षांत कोणत्याही साहेबानं धाकट्याला एकट्याला बोलावलं नव्हतं. बोलावणं यायचं ते थोरल्याला, आणि धाकटा दाराशी उभा राहायचा.

"तुम्हालाही तसंच वाटतं?" साहेबांनी विचारलं. "की त्यांचं वय बोलतंय? मला स्पष्ट सांगा. मला मुकादम एकच पाहिजे. जो वर जाईल, तो."

धाकट्याच्या हाताला ती थपथप अजून जाणवत होती. पण त्याच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"शिडीवर त्यांचे पाय थांबतात, साहेब," तो म्हणाला. "गेल्या वर्षापासून."

हे खोटं नव्हतं. गेल्या वर्षी एका साखर कारखान्याच्या चिमणीवर, तीस मीटरवर, थोरल्याचे पाय खरोखर थांबले होते. सहा-सात मिनिटं तो शिडीला मिठी मारून उभा होता. धाकटा खालच्या पायरीवर होता. त्यानं थोरल्याचा घोटा धरून एकेक पाऊल खालच्या पायरीवर ठेवलं होतं. नंतर पाण्याच्या टाकीमागे बसून थोरला म्हणाला होता, "कोणाला बोलू नकोस. तुझ्या ताईलासुद्धा नाही. परत झालं तर मी आपणहून सोडीन." ताई म्हणजे थोरल्याची बायको. परत कधी झालं नाही. ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब सगळ्या माणसांसमोर म्हणाले, "थोरले साडू, शिडीवर तुमचे पाय थांबतात असं कानावर आलंय. उगाच जिवाला घोर कशाला? तुम्ही खाली राहून इशाऱ्याची शिट्टी सांभाळा. वरचं धाकटे बघतील."

कोणीतरी खोकलं. थोरल्यानं साहेबांकडे पाहिलंच नाही. त्यानं धाकट्याकडे पाहिलं, विटेकडे पाहावं तसं, नीट, घाई न करता. मग कमरेचा पट्टा सोडला आणि सामानाच्या खोलीत नेऊन दिला. "ह्याचा दोर पुढच्या महिन्यात बदलायचाय," तिथल्या कारकुनाला तो म्हणाला, "लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या कोणाला तसाच द्याल." आणि फाटकातून निघून गेला.

धाकटा मुकादम झाला.

मुकादम झाल्यावर पहिलं काम त्यानं काय केलं, तर तारेचा जाड दोर मागवला. वरच्या दोन पट्ट्यांच्या खाली चिमणीला तीन-तीन वेढे दिले आणि पिळून पिळून आवळले. दोन दिवस त्यातच गेले.

"साहेबांनी सांगितलंय का हे?" पैलवानानं विचारलं. पैलवान म्हणजे त्याचा नवा जोडीदार; अंगानं काडी, म्हणून ते नाव.

"मी सांगतोय."

परांची त्यानं निम्म्या वजनाची बांधली, फळ्या पातळ, आणि वर एका वेळी दोघांखेरीज कोणी नाही. शिडी शाळेच्या बाजूची काढून घरांच्या बाजूला नेली, कारण त्या अंगाला भिंत थोडी बरी वाजत होती. हे सगळं थोरल्याचं शिकवलेलं. आपण नेहमीच्या सवयीनं करतोय, असं तो स्वतःला सांगत राहिला.

पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांनी सर्वांत वरचा लोखंडी पट्टा कापला. आधी काहीच झालं नाही. मग चिमणीच्या आतून कोणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज आला, आणि शाळेच्या बाजूची भिंत पोट पुढे काढावं तशी बाहेर आली. दोन पुरुष उंचीचा तुकडा. तो तारेवर येऊन अडला. तार करकरली, पण तुटली नाही. वरच्या तीस-चाळीस विटा मात्र निसटून शाळेच्या रिकाम्या अंगणात पडल्या. पडल्याचा आवाज बऱ्याच वेळानं वर आला. पैलवान डोळे मिटून आईला हाका मारत होता.

"डोळे उघड," धाकटा म्हणाला. "माझ्याकडे बघ. आता आपण उतरणार. हळू. फळीवर पाय आपटू नकोस."

उतरायला त्यांना अर्धा तास लागला. खाली साहेब पांढरेफटक पडून उभे होते. जिला तीन आठवडे लागणार होते, ती क्रेन चौथ्या दिवशी हजर झाली.

वरचे बारा मीटर पाळण्यातून निघाले. खालचे छप्पन नेहमीच्या रीतीनं. शाळा नऊ दिवस उशिरा उघडली, आणि कोणाचं काही अडलं नाही. कोणाला ओरखडाही आला नाही. कंपनीनं हेल्मेट हातात धरलेल्या धाकट्याचा फोटो काढून ऑफिसच्या भिंतीवर लावला. खाली लिहिलं, 'सुरक्षित कामाचा आदर्श'. साहेब चारचौघांत म्हणाले, "ती तार बांधायची दूरदृष्टी यांचीच."

धाकट्यानं त्या वेळी ते कौतुक घेतलं. दोन दिवसांनी मात्र तो साहेबांकडे गेला.

"पुढच्या कामाला थोरल्या साडूंना बोलवा," तो म्हणाला. "वरचे बारा मीटर मेलेत हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. तेच खरं निघालं."

"ते मान्य आहे हो. पण आता कागद पुढे गेलेत. उंचीवर अपात्र, अशी नोंद झालीय. विमा कंपनीवाले त्यांना पहिल्या पायरीवरसुद्धा चढू द्यायचे नाहीत. आणि ते मला सांगितलं कोणी? तुम्हीच ना?"

"माझं चुकलं होतं, साहेब."

"म्हणजे पाय थांबले नव्हते?"

"थांबले होते. एकदाच."

"मग चुकलं कुठे?" साहेब म्हणाले, आणि ते खरोखरच विचारत होते.

थोरला तोवर एका मोठ्या दुकानाच्या तळघरात, गाड्या लावायच्या जागी, पहारेकरी म्हणून लागला होता. धाकटा दुपारी तिथे गेला. छत इतकं खाली की हात वर केला तर लागावं. दिव्यांच्या नळ्या, तेलाचे डाग, आणि कोपऱ्यात काचेचं एक खोकं, त्यात थोरला स्टुलावर बसलेला. त्यानं धाकट्याला पाहिलं आणि दुसरं स्टूल पायानं पुढे सरकवलं.

एक गाडी आली, थोरल्यानं तिला चिठ्ठी दिली.

"भिंत सुटली म्हणे," मग तो म्हणाला. "शाळेच्या अंगाची."

"हो."

"पट्टा कापल्यावर?"

"हो. पण तारेवर अडली."

"तार किती वेढ्यांची?"

"तीन."

"दोन्ही पट्ट्यांखाली?"

"दोन्ही."

"परांची?"

"हलकी बांधली होती. दोनच माणसं."

थोरल्यानं मान डोलावली. काम तपासून झाल्यावर तो नेहमी डोलावायचा तशी.

"साडूभाऊ, मी साहेबांशी बोललो," धाकटा घाईघाईनं म्हणाला. "तुम्ही म्हणत होता तेच बरोबर होतं, हे मी त्यांना सांगितलं. मला तेव्हा वाटलं, तुम्ही... म्हणजे मला खरंच असं वाटलं, की गेल्या वर्षीची भीती तुमच्या मनात..."

"अरे, मी घाबरलोय असं वाटलं असतं, तर तू तार बांधली असतीस का?"

थोरल्यानं चिठ्ठ्यांचा गठ्ठा सारखा केला.

"तुला वाटलं असतं, म्हातारा भ्यालाय, उगाच बाऊ करतोय, तर मी तुला केव्हाच माफ केलं असतं. माणूस चुकतो. मीही तुझ्याबद्दल असा चुकलो असतो एखाद्या वेळी. पण तू दोन दिवस घालवून तीन वेढे दिलेस. शिडी हलवलीस. म्हणजे तुझ्या हातोडीलाही तेच ऐकू आलं होतं." आवाज वाढलेला नव्हता. "मला खाली बसवलंस आणि माझीच अक्कल घेऊन वर गेलास."

"चुकलो," धाकटा म्हणाला. "पाय धरतो तुमचे."

"पाय राहू दे. पायांचं फार झालं."

परत एक गाडी आली. चालकाला सुटे हवे होते, थोरल्यानं खिसे चाचपून दिले. मग बसताना म्हणाला, "घरी मी सांगितलंय, गुडघे गेले म्हणून सोडलं. दोघी बहिणींना एकमेकींशिवाय माहेरचं कोणी नाही. आपल्यापायी त्यांचं तुटायला नको. तूही तेच सांग. कायम."

"सांगतो."

"आणि ताई जेवायला बोलावते तेव्हा टाळू नकोस. दोनदा आला नाहीस. परवा ती विचारत होती, तुमचं दोघांचं काही बिनसलंय का."

"येईन."

"ये. आता जा, माझा साहेब फेरी मारतो ह्या वेळेला. बाहेरचं माणूस बसलेलं चालत नाही."

त्या रविवारी धाकटा बायकोला घेऊन गेला. ताईंनी पहिलं ताट त्याच्यापुढे मांडलं. "आमचे भाऊजी आता मोठे मुकादम," त्या कौतुकानं म्हणाल्या. "फोटो लागलाय म्हणे भिंतीवर. ह्यांना किती आनंद झाला. मला म्हणाले, शेवटी शिकवलेलं वाया गेलं नाही." धाकट्यानं थोरल्याकडे पाहिलं. तो मुलीला पाणी ओतून देत होता. जेवताना तो सगळ्यांशी बोलला, मुलीच्या परीक्षेबद्दल, मेहुणीच्या नव्या शिलाई मशीनबद्दल. धाकट्यालाही दोनदा म्हणाला, "घे ना, लाजतोस काय." कामाबद्दल एक शब्द नाही. चिमण्या मारायचा किस्सा मुलीनंच काढला, सगळे हसले, आणि धाकट्याला हसताना ठसका लागला. ताईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

मग ते दर महिन्याचंच झालं. महिन्यातून एक रविवार. तो टाळता येत नाही. ताईंचा फोन आला की बायको आदल्या दिवसापासून तयारीला लागते.

पहिल्या रविवारी घरी परतताना ती रस्त्यात म्हणाली होती, "भाऊजी काम सोडल्यापासून किती मोकळे वाटतात, नाही? तुमच्याशीसुद्धा किती मायेनं बोलतात."

"हो," धाकटा म्हणाला.

"तुम्ही मात्र तिथे गेलात की तोंड शिवून बसता. त्यांना काय वाटत असेल?"

तो रस्ता ओलांडायला दोन्हीकडे बघू लागला, आणि ती पुढे शिलाई मशीनबद्दल सांगू लागली.