पस्तीस पौंड हवा

टायर पाच होते. चार चाकांना आणि एक हौद्याखाली बोल्टने आवळलेला. प्रत्येकावर चार सरळ खाचा, खाचेची खोली तीन सूत, आणि अंगभर रबराचे बारीक केस. नवी पिकअप चांद्याहून एटापल्लीला आणली त्या संध्याकाळी मुखरूने एका टायरचे केस मोजले. दोनशे अठरा भरले. बाकीच्या चारांचे मोजले नाहीत, पण तेवढेच असतील असं त्याने धरलं.

सहा महिन्यांत ते केस झडून गेले. मुरमाने काही नेले, बांबूच्या खुंटांनी काही. आता सत्तावन्न सालचा मार्च चालू होता आणि जंगलात मोह गळत होता. सकाळी गाडी निघाली की चाकांखाली मोहफुलं फुटत, त्यांचा गोड, जड वास पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून वर येई आणि मुखरूला गुंगी आल्यासारखं होई. त्याला तशीही खोड होतीच. डोळे उघडे, हात स्टेअरिंगवर, पण मन दुसरीकडे. कधी त्याला वाटे, हे टायर ज्या देशात घडले तिथले रस्ते काळे आणि गुळगुळीत असतील, पाण्यावरून चालल्यासारखी गाडी चालत असेल, आणि त्या रस्त्याच्या कडेला उभं राहून कोणीतरी माणूस म्हणत असेल, आमचे पाच टायर कुठी गेले रे?

मुखरू हा एटापल्लीच्या दवाखान्याचा ड्रायव्हर. वय चाळीस, मूळचा ब्रह्मपुरीकडचा. गाडीत दवाखान्याची औषधं यायची आणि गाडीतूनच अडलेली बाळंतीण, तापाने फणफणलेला माणूस अहेरीच्या मोठ्या दवाखान्यात जायचा. मध्ये बांडिया नदी. पावसाळ्यात नदी कोणालाच वाट देत नाही, तेव्हा तक्रार नव्हती. तक्रार होती ती कोरड्या आठ महिन्यांची. तेव्हा पाणी घोट्याएवढं आणि वाळू मात्र चारशे फूट. या वाळूत पिकअप अकरा वेळा रुतली होती आणि अकराही वेळा लालसूच्या बैलांनी ती ओढून काढली होती.

लालसू माडिया, नदीकाठचाच. गाडी रुतली की इंजिनाच्या आवाजावरूनच त्याला कळे. तो बैल घेऊन सावकाश येई, आधी गाडीभोवती एक फेरी मारी, मग म्हणे, "मुखरूदादा, हिले चारा घालत जा. उपाशी जनावर वाळूत बसतेच."

"तुझे बैल बस्ले नाई का कधी?"

"बसले. पन ते स्वतः उठले."

गाडीला मुखरूने काही कमी केलं नव्हतं. चांद्याला गाडी ताब्यात घेतली तेव्हा टायरवाल्या बाबूभाईंनी त्याला दाराच्या आतली पत्र्याची पट्टी दाखवली होती. "ये देख मुखरूभाई. पस्तीस लिखा है. कंपनीवाल्यानं सोचके लिखा है. याच्या खाली हवा गेली का टायर मेला समज. चाकाच्या कडीवरून उतरंल, पोट चिरंल." मुखरूला पट्टीवरची इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडा त्याच्या डोक्यात ठोकल्यासारखा बसला. रोज पहाटे तो पायपंप घेऊन बसे, हवा मोजायच्या गेजची नळी प्रत्येक वाल्ववर टेकवी आणि पस्तीसच्या रेघेवर आली की उठे. मग बोटाच्या पेराने टायरवर टकटक करी. भोपळ्यावर वाजवल्यासारखा आवाज आला की त्याचा दिवस नीट सुरू होई. नरम टायर घेऊन फिरणारा ड्रायव्हर म्हणजे आळशी ड्रायव्हर. पंक्चर म्हणजे वहीत त्याच्या नावापुढे शेरा.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आरोग्य खात्याकडून गुणवंतराव आले. नागपूरच्या कॉलेजातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. होऊन नोकरीला लागून त्यांना वर्ष झालं होतं. खिशात पोलादी फूटपट्टी, मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ. आल्याआल्या ते गाडीखाली आडवे झाले आणि पाचही टायरांवरचे नंबर त्यांनी वहीत उतरवले.

"मुखरूभाऊ, सरळच सांगतो," अंगावरची धूळ झटकत ते म्हणाले. "गाडी इथं ठेवायची की वरोऱ्याला न्यायची, ते ठरवायला मला पाठवलंय. तिथं पक्की सडक आहे. कंपनीचे टायर इथं चालत नाहीत असं वरच्यांचं म्हणणं. तीन खेपा द्यायच्या. सहा पोती धान भरून नदी ओलांडायची आणि तशीच परत यायचं. तीनपैकी एक खेप बैल न लावता झाली, की गाडी एटापल्लीची. नाही झाली तर उद्या मी ती घेऊन जाणार."

दवाखान्याच्या पायरीवर नर्स रंभाबाई उभी होती. ती वरूनच म्हणाली, "आनि बाळंतीन कशात न्यायची, साहेब? तुमच्या वहीत घालून?"

गुणवंतराव कानापर्यंत लाल झाले. "मी मोजायला आलोय, बाई."

"मंग मलेही मोजा. मीही बसतो गाडीत. बाळंतीनीएवढं वजन आहेच माझं."

मुखरू हसला नाही. त्याला एक वेगळीच भीती होती. आठ दिवसांपूर्वी तोडलेल्या बांबूचा एक खुंट मागच्या डाव्या टायरमध्ये घुसला होता. त्याने तो उपटला, ट्यूबला ठिगळ लावलं, पण ठिगळ नीट बसलं नव्हतं. रात्रीतून पाच-सहा पौंड हवा जायची. पहाटे कोणी उठायच्या आत तो ती भरून ठेवायचा. कोणाला सांगितलं नव्हतं. टायरांची परीक्षा घ्यायला साहेब आलेले असताना आता काय सांगणार?

पहिली खेप सकाळी आठला. वाळू अजून थंड होती, वर धुक्याचा पातळ थर. मुखरूने दुसरा गिअर टाकला आणि गाडी काठावरून खाली सोडली. साठ फूट ती बरी गेली. मग मागची चाकं फिरू लागली, फिरत फिरत खाली जाऊ लागली, आणि धानाची पोती, रंभाबाई, मुखरू, सगळे हळूहळू वाळूत उतरले. स्वप्नात जिना उतरावा तसं. गुणवंतरावांनी पट्टी लावली. मागचं डावं सात इंच, मागचं उजवं सात इंच.

लालसू बैल घेऊन उभाच होता. "आज सकाळपासून जू मानेवर घेऊन राह्यले हे," तो म्हणाला. "सवय लागली त्याइले."

दुसरी खेप दुपारी. मधल्या वेळात गाडी अर्जुनाच्या झाडाखाली उभी होती आणि तिच्याच सावलीला, मागच्या डाव्या चाकाला टेकून, गुणवंतराव भाकरी खात होते. सकाळी चाक वाळूत गरगरलं तेव्हा ठिगळ आणखी सुटलं असावं. मुखरूला दिसत होतं, टायर बसत चाललाय. पंप हौद्यात होता. पण साहेबांच्या पाठीआड हवा भरायची कशी?

"मुखरूभाऊ, रबर कशाचं करतात माहीत आहे?" साहेबांनी विचारलं.

"नाई."

"झाडाचा चीक. दक्षिणेत, समुद्रापलीकडे, बागाच्या बागा आहेत. खोडाला चीर द्यायची, खाली वाटी बांधायची."

मुखरूने अर्जुनाच्या खोडाकडे पाहिलं. "म्हंजे टायर हे झाडच होय," तो म्हणाला. "मंग जंगलात काऊन घाबरते?"

गुणवंतराव हसले, हात धुतले आणि घड्याळ पाहिलं. मुखरू हवा न भरताच गाडीत चढला.

या वेळी गाडी वेगळी चालली. टपाटप हादरे देणारा मागचा डावा कोपरा मुका झाला होता. एका बाजूने गाडी दगडावरून चालतेय आणि दुसऱ्या बाजूने गोधडीवरून, असं त्याला वाटलं. वाळूचा पहिला पट्टा, घोट्याएवढं पाणी, पुन्हा वाळू. जवळजवळ दोनशे फुटांवर उजवं चाक गरगरलं आणि गाडी उजवीकडे कलून थांबली.

गुणवंतराव गुडघ्यांवर बसले. पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली.

"उजवं साडेसात. डावं तीन." त्यांनी वर पाहिलं. "तीन कसं?"

मागून आलेल्या लालसूने बैलांच्या पाठीवर हात ठेवला.

"खाली गोटा असन," मुखरू म्हणाला.

गुणवंतरावांनी बाह्या सारल्या आणि डाव्या चाकापुढची वाळू कोपरापर्यंत उकरली. गोटा नव्हता. खाली वाळू, त्याखाली ओली वाळू. ते तसेच पालथे पडून टायरकडे बघत राहिले, गाल जवळजवळ वाळूला लावून. मुखरूही वाकला. टायरचं पोट दोन्ही अंगांनी बाहेर आलं होतं. पाण्याला आलेल्या म्हशीने चिखलात पाय फाकून टाकावा, तसा तो वाळूवर पसरला होता. आणि उजवा टायर, त्याचा पस्तीस पौंडांचा, भोपळ्यासारखा वाजणारा टायर, कुदळीसारखा खाली गेला होता.

मुखरूच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकदम उभ्या राहिल्या. बोललो तर शेरा. न बोललो तर हे तीन इंच कोणाला कधी कळणार नाहीत, एक खेप उरलीय तीही सात इंच रुतेल, आणि उद्या रंभाबाई पायरीवर उभी राहून रिकामा रस्ता पाहील.

"साहेब," तो म्हणाला, "तो टायर पंक्चर हाय. आठ दिवसांपासून. रोज चोरून हवा भरून राह्यलो. आज तुमी टेकून बसले, तं भरता नाई आली."

गुणवंतराव उठून बसले. केसांत वाळू, ओठांवर वाळू. त्यांनी गेज मागितला. डावीकडे पंधरा, उजवीकडे पस्तीस. मग पट्टीने टायरचे ठसे मोजले. कडक टायर वाळूला पाच इंच टेकत होता, नरम टायर नऊ.

"वजन तेवढंच," ते स्वतःशीच म्हणाले. "जागा जवळजवळ दुप्पट." मग मुखरूला, "पंक्चर मला लिहावं लागंल, मुखरूभाऊ. तुमच्या नावावर."

"लिवा."

"आणि आठ दिवस सांगितलं नाही, तेही."

"तेही लिवा. पन आधी माही तिसरी खेप होऊ द्या."

रंभाबाई हौद्यातून म्हणाली, "लिवताना हेही लिवा साहेब, का तीन इंच त्यानंच सांगतले."

बैलांनी गाडी काठावर आणली. मुखरूने सगळ्यांसमोर पंक्चर चाक काढलं आणि हौद्याखालचा पाचवा टायर बसवला. मग एकेका वाल्वमध्ये काडी रोवून तो बसून राहिला. सहा महिने रोज पायाने भरलेली हवा फुसफुसत बाहेर गेली. तिला रबराचा आणि थोडा मोहाचा वास होता. बाबूभाई कानात बोलत होते, टायर मेला समज. पंधरावर आल्यावर त्याने चौथी काडी काढली आणि पेराने टकटक केली. आवाज आला नाही.

"वळवताना जपा," गुणवंतराव म्हणाले. "हवा कमी आहे. झटका दिला तर टायर कडीवरून निसटंल, आणि निसटला तर कडीनंच फाटंल."

"माईत हाय."

दुसरा गिअर. गाडी खाली उतरली. मुखरूला वाटलं इंजिन बंद पडलं, इतका आवाज कमी झाला. वाळू चाकांखाली कुजबुजत होती. साठ फूट गेले, जिथे सकाळी बसले होते तो खड्डा डाव्या हाताला गेला. पाणी आलं, चाकांनी त्याला दोन्हीकडे अलगद सारलं, आणि पाण्यात उभा असलेला बगळा उडालाही नाही, नुसता बाजूला झाला. मुखरूचा पाय पेडलवर जसा होता तसाच. दाबायचा नाही, सोडायचा नाही. झोपलेल्या लेकराला खांद्यावर घेऊन चालताना माणूस जसा चालतो तशी गाडी चालत होती आणि त्याला कळत नव्हतं, आपण तिला नेतोय की ती आपल्याला.

पलीकडच्या काठाखाली वळायचं होतं. त्याने शंभर फुटांचा घेर घेतला, बैलगाडीसुद्धा घेत नाही एवढा मोठा. पुढचा डावा टायर मुडपला, रबर करकरलं. रंभाबाईने मागून पोतं घट्ट धरलं. "मुखरूभाऊ..."

"बोलू नोको, बाई. आयकू दे."

करकर थांबली. टायर कडीवरच होता. गाडीचं तोंड एटापल्लीकडे झालं. आता समोर ऊन होतं, सगळी वाळू पांढरी आणि हलल्यासारखी, आणि अलीकडच्या काठावर लालसू, त्याचे बैल आणि एक साहेब, सगळेच सारख्या आकाराचे, उन्हात तरंगणारे. बैलांच्या मानेवर जू नव्हतं. लालसूने ते काढून जमिनीवर ठेवलं होतं आणि त्यावर तो बसला होता.

गाडी काठ चढून त्यांच्या शेजारी उभी राहिली, तेव्हा मुखरूचे हात स्टेअरिंगवरून निघेनात. गुणवंतराव त्याच्याकडे आले नाहीत. ते फूटपट्टी घेऊन वाळूत उतरले होते, गाडीच्या चाकोरीत, दर वीस फुटांवर वाकत. पार पलीकडे जाऊन, पाण्यातून भिजत ते परत आले आणि उभ्याउभ्याच वहीत लिहिलं.

खेप तिसरी. हवा पंधरा पौंड. वजन सहा पोती धान आणि एक माणूस. जाताना एक मिनिट दहा सेकंद, येताना पन्नास सेकंद. बैल लावले नाहीत. चाकोरीची खोली, बेचाळीस ठिकाणांची सरासरी, पावणेदोन इंच.